नाकातलं मास: औषध लागू पडत नाही म्हणण्याआधी या चुका टाळा

नाक चोंदतं, फोडणीचा वास येत नाही, आरशासमोर टॉर्च मारला की आत गुलाबी गोळा दिसतो. मग घरच्या घरीच ठरतं, मास वाढलं. पण तो गोळा पुष्कळदा नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा, सगळ्यांनाच असलेला उंचवटा असतो. ॲलर्जीत तो फुगतो आणि त्याला जरा धक्का लागला तरी झोंबतं. खरं मास, म्हणजे पॉलिप, फिकट, सोललेल्या द्राक्षासारखा लिबलिबीत असतो आणि हलवला तरी दुखत नाही. ते पाहणं कान-नाक-घसा तज्ज्ञाचं काम. काडी घालून स्वतः पाहू नका.

नेहमीचे पॉलिप बहुधा दोन्ही नाकपुड्यांत असतात. एकाच बाजूला मास असेल, त्यातून रक्त येत असेल, तर स्प्रे मारत महिने घालवू नका. तळ्या-बोडीत आंघोळ करणाऱ्यांत ऱ्हायनोस्पोरिडियोसिस नावाचा आजार होतो. त्यातलं मास लालभडक, वर पांढरे ठिपके असलेलं, हात लावला की रक्त. शेजारच्या छत्तीसगडात तो बराच आढळतो, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडच्या माणसाने तळ्याची सवय डॉक्टरांना आपणहून सांगावी. एका बाजूचं मास कधी गाठीचंही (ट्यूमर) असतं. तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही.

नाक मोकळं करणारे थेंब. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे थेंब पाच दिवसांपुरते. पुढे चालू ठेवले तर असर उतरला की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि बाटली सुटत नाही. पॉलिप त्याने कमी होत नाही.

स्प्रे. पॉलिप आकसवतो तो फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्टिरॉइड स्प्रे, आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. नवी बाटली हलवून बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबा. मान थोडी खाली घाला; वर केली की औषध घशात उतरतं. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडे वळते. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर खपल्या धरतात, रक्त येतं. दाबताना हळू श्वास घ्या, जोरात ओढू नका.

दोन दिवसांत फरक दिसणार नाही. सहा ते बारा आठवडे रोज मारावा लागतो, नाक मोकळं वाटलं तरी. हिशेब सोपा आहे: दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे रोज एकदा, म्हणजे 120 फवाऱ्यांची बाटली महिन्यात संपायला हवी. तीन महिने पुरली, तर औषध बदलायची घाई नको, आधी सवय बदला. उन्हाळ्यात बाटली टिनाखाली ठेवू नका.

धुणं आधी, स्प्रे नंतर. खळखळ उकळून कोमट केलेलं ग्लासभर (240 मिली) पाणी, सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात कधीच नको; त्यातला अमिबा क्वचित, पण मेंदूपर्यंत जातो. धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे. सोयाबीन-तुरीच्या मळणीत थ्रेशरजवळ मास्क लावा आणि संध्याकाळी घरी आल्यावर धुवा.

अंगदुखीची सुई. पॉलिप आणि दमा दोन्ही असलेल्या काहींना ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनने अचानक धाप लागते; जिवावर बेतू शकतं. सुई घेण्याआधी दम्याचं आणि नाकाचं सांगायचंच. स्टिरॉइडच्या गोळ्याही डॉक्टरांनी दिल्या तेवढेच दिवस. शुगर असलेल्यांची शुगर चढते. आणि मास जाळून पाडतो म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नका, त्या औषधाने पडद्याला भोक पडतं.

ऑपरेशन झालं म्हणून स्प्रे बंद करणं. दुर्बिणीने मास निघतं, पण आतल्या अस्तराची सूज राहते. स्प्रे सोडला की ते पुन्हा येतं. भरती होण्याआधी रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाला, भेटा. आपलं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथे कळतं. सुट्टी होताना तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट मागून घ्या आणि सीटी स्कॅनसोबत ठेवा. मास परत वाढलं तर पुढच्या डॉक्टरला तोच आधी लागतो.