साय म्हणजे दूध नव्हे: खाताना, साठवताना आणि घुसळताना या चुका टाळा

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात सकाळी दूध संकलन केंद्रावर उभे राहिले, की पहिला प्रश्न कानावर येतो तो ‘आज फॅट किती लागली?’ हा. दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफ या दोन आकड्यांवर ठरतो, त्यामुळे म्हशीला सरकीची ढेप किती घातली, हिरवा चारा केव्हा संपला आणि त्याचा फॅटवर काय परिणाम झाला, हे दूध घालणाऱ्याला तोंडपाठ असते. तीच फॅट घरी गंजातल्या दुधावर जाड साय होऊन येते, तेव्हा मात्र तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. नातवाला ‘दुधावरची साय’ म्हणणारे आपण, साय म्हणजे दुधाचे सत्त्व असे मनोमन धरून चालतो, आणि सायीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका या एका समजातून निघतात.

पहिली चूक: सायीला दूध समजणे

केंद्रावरच्या चिठ्ठीवरचे ते दोन आकडे नीट समजून घेतले, तर सायीचे पोषणही समजते. फॅट म्हणजे स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे तो वगळून दुधात उरणारे घन पदार्थ, म्हणजेच प्रथिने, दुधातली साखर आणि कॅल्शियमसारखी खनिजे. साय मुख्यतः पहिल्या आकड्यातून येते आणि हाडांना, स्नायूंना जे लागते ते दुसऱ्या आकड्यात असते. साय काढून घेतली तरी दुधातले कॅल्शियम आणि प्रथिने बहुतांशी गंजातच राहतात. म्हणून ‘साय काढलेल्या दुधात काही राम नाही’ असे म्हणून ते चहाला लावायचे आणि वाढत्या मुलाला वाटीभर साय द्यायची, ही वाटणी उलटी आहे.

आकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. घरच्या सायीत फॅटचे प्रमाण गंजागणिक बदलते आणि तापवल्यामुळे गोठलेली थोडी प्रथिनेही तिच्यात येतात, म्हणून येथे यंत्राने काढलेल्या, ३६ टक्के फॅट असलेल्या घट्ट क्रीमचे आकडे घेतले आहेत. अशा १०० ग्रॅम क्रीममधून सुमारे ३४० कॅलरी मिळतात, प्रथिने मात्र ३ ग्रॅमही मिळत नाहीत आणि कॅल्शियम ६५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. साध्या गाईच्या दुधात ते याच्या जवळजवळ दुप्पट असते. आता याच्या शेजारी १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ ठेवून पाहावे. ऊर्जा जवळपास तितकीच, पण प्रथिने सुमारे १० ग्रॅम, लोह सुमारे ४ मिलिग्रॅम, आणि सायीत अजिबात नसलेला चोथा वेगळाच. भाकरीवर चमचाभर साय घेणे आणि भाकरीऐवजी साय खाणे यांत किती अंतर आहे, ते या तुलनेवरून कळते.

सायीत काहीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. ‘अ’ जीवनसत्त्व स्निग्धांशाबरोबर जाते, त्यामुळे १०० ग्रॅम घट्ट क्रीममध्ये ते सुमारे ४०० मायक्रोग्रॅम असते आणि साय पूर्ण काढलेल्या दुधात फार थोडे उरते. गवळाऊ गाईची साय पिवळसर दिसते आणि नागपुरी किंवा पूर्णाथडी म्हशीची पांढरीशुभ्र, म्हणून म्हशीच्या सायीत हे जीवनसत्त्व नसते असे काही जण मानतात, तेही बरोबर नाही. गाईच्या दुधात कॅरोटीन हे पिवळे द्रव्य शिल्लक राहते, तर म्हशीचे शरीर त्याचे ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर करूनच दुधात पाठवते. रंग हरवतो, गुण हरवत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत ही चूक सर्वांत जास्त जाणवते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, बोटावरची साय चाटवणेसुद्धा टाळावे. त्यानंतर मऊ वरण-भातात थोडे तूप घालणे योग्यच आहे, कारण बाळाचे पोट लहान असते आणि थोड्या घासात जास्त ऊर्जा जावी लागते. मात्र वजन भरत नाही म्हणून रोज साय-साखर भरवली, तर बाळाची भूक त्यावरच भागते आणि डाळ, अंडे, पालेभाजी यांतून मिळायचे लोह व प्रथिने राहून जातात. गाल भरलेले दिसतात आणि रक्त कमी निघते. वजन खरोखर घटत असेल, तर अंगणवाडीत नोंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवणे हाच मार्ग आहे.

दुसरी चूक: एक तर वाटीभर, नाही तर थेंबभरही नाही

तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, की घरात साय, तूप, लोणी एकदम बंद होते आणि दोन महिन्यांनी एखाद्या सणाला सगळे पुन्हा सुरू होते. या दोन टोकांपेक्षा मोजून खाणे सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार संपृक्त चरबीतून (तूप-लोण्यात असते तशा, गार झाल्यावर थिजणाऱ्या चरबीतून) मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, म्हणजे २००० कॅलरी घेणाऱ्या माणसाला दिवसाला सुमारे २२ ग्रॅम संपृक्त चरबी पुरे. घट्ट क्रीमच्या १०० ग्रॅममध्ये ती सुमारे २३ ग्रॅम असते. एका वाटीत दिवसाचा कोटा संपतो. तेच १५ ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ५० कॅलरी आणि साडेतीन ग्रॅम संपृक्त चरबी येते, आणि एवढी बहुतेकांच्या जेवणात सामावून जाते.

सामावून जाते, पण बाकीच्या ताटाकडे पाहूनच. आपल्याकडे रस्स्यावर तर्री दिसल्याशिवाय भाजी झाल्यासारखी वाटत नाही, पानगे-रोडग्यांवर तुपाची धार लागते आणि लग्नाच्या पंगतीत आता क्रीम घातलेली पनीरची भाजीही आली आहे. पूर्वी डवरणी, निंदणी, कापूस वेचणी करून जो माणूस दिवसभर उन्हात राबत होता, त्याच्या आणि आता ट्रॅक्टरवर किंवा दुकानात बसणाऱ्या त्याच्या मुलाच्या ताटात सायीचा वाटा सारखा असू शकत नाही. ‘आमचे आजोबा वाटीभर साय खाऊन नव्वदी गाठून गेले’ असे सांगताना आजोबा दिवसाला किती चालत होते, हे सांगायचे राहून जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुधातली फॅट सगळ्या रूपांत शरीरावर सारखाच परिणाम करते असे दिसत नाही. दुधात आणि सायीत स्निग्धांशाचे बारीक कण एका पातळ पडद्यात गुंडाळलेले असतात. घुसळताना हा पडदा फुटतो, कण एकत्र येऊन लोणी होते आणि पडद्याचा बराचसा भाग ताकात उतरतो. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या ५७ व्यक्तींना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाची चरबी देण्यात आली, एका गटाला क्रीममधून आणि दुसऱ्या गटाला पडदा नसलेल्या, तुपासारख्या शुद्ध लोणीतेलातून. दुसऱ्या गटाचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल वाढले, क्रीम खाणाऱ्या गटाचे तसे वाढले नाही. प्रयोग लहान होता आणि थोड्या दिवसांचा होता, शिवाय कॅलरी तर दोन्हींकडून सारख्याच येतात, त्यामुळे यावरून वाटी भरून घेण्याचे कारण नाही. पण लोणी काढल्यावर उरलेले ताक गुरांपुढे ओतण्याआधी विचार करायला मात्र हे पुरेसे आहे.

ज्यांच्या पित्ताशयात खडे आहेत, त्यांना सायीसारख्या स्निग्ध जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊ शकते. ज्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) फार वाढलेले आहेत, ज्यांना स्वादुपिंडाचा त्रास झाला आहे किंवा ज्यांना हृदयविकारावर औषधे चालू आहेत, त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. मधुमेह असलेल्यांना साय गोड नाही म्हणून चालते असे वाटते; परंतु तिच्यातल्या कॅलरी वजन वाढवतात, आणि साय-साखर खाल्ली तर साखर रक्तात चढते, फक्त थोडी उशिरा.

तिसरी चूक: डब्यात साय साचवताना घाई आणि विसर

मागच्या मे महिन्यात आमच्या घरी बारा दिवसांची साय वाया गेली. आई रोज संध्याकाळी गंजावरची साय झाऱ्याने उचलून फ्रीजरमधल्या स्टीलच्या डब्यात टाकत असे. दूध पुरते निवलेले नसे, त्यामुळे प्रत्येक नवा थर कोमट पडत असे आणि खालचा गोठलेला थर थोडा सैल होत असे. त्यातच आठवडाभर दुपारी चार-चार तास लोडशेडिंग चालले. डबा उघडला तेव्हा वरचा थर पिवळट पडलेला होता आणि जुन्या साबणासारखा उग्र वास येत होता. आईने तरीही लोणी काढून कढवले, बेरी चांगली लाल होऊ दिली, पण तूप खवटच निघाले.

असे होण्याचे कारण सरळ आहे. थंडीतही वाढणारे काही जिवाणू सायीत असतात आणि त्यांची पाचकद्रव्ये स्निग्धांशाचे तुकडे करतात, प्रथिनांचेही करतात; पहिल्यामुळे खवट वास येतो आणि दुसऱ्यामुळे कडू चव. जिवाणू उकळीने मरतात, पण त्यांची काही पाचकद्रव्ये उकळी सहन करतात, म्हणून बिघडलेली साय कढवून सुधारत नाही. याहून गंभीर बाब अशी, की हाताच्या जखमेतून किंवा नाकातून येणारे काही जिवाणू उबदार सायीत जे विष तयार करतात, तेही उकळल्याने नष्ट होत नाही. आंबट-कडू साय भाजीत घालून ‘संपवणे’ म्हणूनच धोक्याचे आहे.

यावर आम्ही आता असे करतो. साय आधी वाटीत काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण थंड करतो आणि मगच साठवणीच्या डब्यात घालतो. पहिल्या दिवशीच डब्यात चमचाभर ताजे, गोडसर दही घालतो, म्हणजे चांगल्या जिवाणूंचे आम्ल बाकीच्यांना वाढू देत नाही. फ्रीजमध्ये ठेवलेली साय आठवड्याच्या आत घुसळतो. वीज बराच वेळ गेली आणि गोठलेली साय पातळ झाली, तर तिला पुन्हा गोठू न देता वास व चव ठीक असल्याची खात्री करून त्याच दिवशी लोणी काढतो. बाहेर पारा ४५ अंशांवर असताना तर साय ओट्यावर तासभरही राहू देत नाही.

लोणी न येणे हीसुद्धा उन्हाळ्यातलीच तक्रार आहे, आणि तिचा दोष रवीला किंवा म्हशीला देण्यात अर्थ नाही. स्निग्धांशाचे कण अर्धवट घट्ट असतील तरच एकमेकांना चिकटतात आणि त्यासाठी साय साधारण १० ते १४ अंश सेल्सिअस इतकी गार लागते. दुपारच्या उकाड्यात कण तेलासारखे होतात आणि मिक्सर कितीही फिरवला तरी लोण्याऐवजी तेलकट फेस येतो. अशा वेळी भांडे तासभर फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाचे पाणी घालून पहाटे घुसळावे आणि मिक्सर सलग न चालवता थांबून थांबून चालवावा, कारण त्याचे पातेही साय गरम करते. हिवाळ्यात याच्या उलट होते; तेव्हा थोडे कोमट पाणी घातल्याशिवाय कण जुळत नाहीत.

कच्च्या, न तापवलेल्या दुधावरची मलई थेट खाण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. ती थांबवावी. जनावराला ब्रुसेलोसिस असेल तर तो आजार कच्च्या दुधातून आणि मलईतून माणसाला होतो, आठवडेच्या आठवडे ताप आणि सांधेदुखी चालते. लिस्टेरिया या जिवाणूमुळे गरोदर बाईचा गर्भही दगावू शकतो.

विकतच्या क्रीमबद्दलच्या चुका

तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या ‘फ्रेश क्रीम’च्या पाकिटात सहसा २५ टक्के फॅट असते. भारतीय मानकांप्रमाणे क्रीमचे तीन प्रकार होतात: कमी फॅटचे किमान २५ टक्के, मध्यम ४० टक्के आणि जास्त फॅटचे ६० टक्के. फेटून उभे राहणारे क्रीम हवे असेल तर ३० टक्क्यांच्या वर फॅट आणि चांगला गारवा लागतो. २५ टक्क्यांचे पाकीट तासभर फेटले तरी ते पातळच राहते. उकळत्या टोमॅटोच्या रश्शात हेच क्रीम फुटते, कारण आंबटपणा आणि उष्णता मिळून त्यातली प्रथिने गोठतात. आच बंद करून, रस्सा जरा निवल्यावर, आधी दोन चमचे रस्सा क्रीममध्ये मिसळून मग ते भाजीत घातले तर फुटत नाही.

वाढदिवसाच्या केकवरच्या पांढऱ्या थराला क्रीम म्हणतात म्हणून तो दुधाचा असतोच असे नाही. पुष्कळ बेकऱ्यांत तो पामच्या बियांचे तेल, साखर आणि पाणी यांचा असतो, आणि त्यात संपृक्त चरबी भरपूर असून दुधातले ‘अ’ जीवनसत्त्व नसते. डब्यावर ‘हायड्रोजनेटेड वनस्पती तेल’ (डालड्यासारखे घट्ट केलेले तेल) असे लिहिले आहे का, ते बेकरीवाल्याला विचारायला संकोच करू नये. खाद्यतेलांतल्या आणि त्यांपासून केलेल्या पदार्थांतल्या ट्रान्स फॅटवर (तेल असे घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीवर) भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. संपृक्त चरबीवर अशी मर्यादा नाही.

पाकीट एकदा फोडले, की उरलेले क्रीम कात्रीने कापलेल्या तोंडासह तसेच ठेवू नये. स्वच्छ, कोरड्या झाकणाच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत संपवावे. न फोडलेले पाकीट फुगलेले दिसले, तर मुदत शिल्लक असली तरी ते टाकून द्यावे.