लोचच्या भांडणात जाळी घालू नका

"दादा, क्लाऊन लोच अचानक राखाडी पडलाय, कुठलं औषध टाकू?" नेरूळ असो की घोडबंदर रोड, हा फोन ठरलेला. (लोच हा घरच्या काचेच्या टाकीत पाळतात तो मासा, क्लाऊन ही त्यातली एक जात.) मी उलट विचारतो, दुसरा मासा त्याच्याभोवती गोल फिरतोय का? फिरतोय म्हणतात. मग औषधाची बाटली कपाटात ठेवा. तो आजारी नाही, भांडतोय. हुकूम कोणाचा हे ठरवताना क्लाऊनचा केशरी रंग उतरतो, काळे पट्टे फिके पडतात, कधी दोघांचेही. सोबत टिकटिक आवाज येतो, तो काचेबाहेरही ऐकू येतो.

हे मला शहाणपणाने नाही, अंगठा फाडून घेऊन कळलं. पाचपाखाडीतल्या घरी चार फुटी टाकीत पाच क्लाऊन होते. सगळ्यात मोठीचं राज्य होतं (मी तिला मादी म्हणायचो, कळपाची म्होरकी बहुधा मादीच असते म्हणतात). एका रात्री दोन नंबरचा तिला भिडला. दोघं राखेसारखे झाले. एक मरणार म्हणून मी घाबरलो आणि जाळी घातली. लोचच्या डोळ्याखाली काटा असतो, घाबरला की तो उभा करतो. काटा जाळीत अडकला, सोडवताना माझ्या अंगठ्यात घुसला. शेवटी कात्रीने जाळी कापली.

तिला तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलं. इकडे दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ: आवडत्या लाकडाखालची जागा तिसऱ्यानेच बळकावली. तिला परत सोडल्यावर सगळा हिशेब नव्याने सुरू झाला. संध्याकाळपर्यंत मिटलं असतं ते दोन दिवस चाललं, एकाचं शेपूट फाटलं. आता राखाडी रंग दिसला की मी चहा टाकतो. मासा काढावाच लागला तर प्लास्टिकच्या डब्याने काढतो, आणि परत सोडण्याआधी दगड-लाकडं हलवून दिवा बंद करतो, म्हणजे जुन्या जागेवर कुणाचाच हक्क उरत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे "जोडी द्या." अहो, लोच म्हणजे लव्हबर्ड नव्हेत! दोघांत खालच्याला चोवीस तास एकट्यालाच मार. सहा असले की मार वाटला जातो. एकटा ठेवलात तर फिल्टरमागे दडून बसेल, नाहीतर दुसऱ्या माशांना छळेल. यावर "माझी टाकी दोन फुटी आहे" हे उत्तर येतं. मग क्लाऊन घेऊच नका. दुकानातला दोन इंची मासा मोठा होऊन फूटभरही होतो. धीर नसेल तर गप्पी पाळा, त्यात कमीपणा नाही.

लहान लोच हवा तर आपल्या सह्याद्रीच्या नद्यांतला झेब्रा लोच आहे, तीन-साडेतीन इंचांचा, स्वभावाने बराच सौम्य. तोही कळपानेच, तीन फुटी टाकीत. पण आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो धोक्यात आहे, तेव्हा कुठून पकडून आणलाय हे दुकानदाराला विचारा.

स्कंक लोच आकाराने छोटा, पण गल्लीतला गुंड.

लपायला जागा माशांपेक्षा एक जास्त ठेवा.

कुशीवर पडलेला लोच बहुतेक वेळा झोपलेला असतो. काच ठोकू नका.

भांडणानंतर पांढरे ठिपके आले तर ते मात्र खरं दुखणं. लोचचे खवले अगदी बारीक, औषध सोसत नाही. मी बाटलीवरच्या मात्रेच्या अर्धीच टाकतो आणि हवेचा पंप रात्रभर चालू ठेवतो.