सुईदोऱ्याची चंची शिवायला बसण्याआधी

आधी घरातला सुईदोऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा करा. मिठाईचा असेल, श्रीखंडाचा असेल, असा एक डबा घरोघरी असतोच आणि हवी ती सुई सोडून त्यात बाकी सगळं सापडतं. कापडं काढून बसायची घाई झालेली असते, मलाही होते. पण चंची केवढी हवी हे कापडावरून ठरत नाही, या ढिगावरून ठरतं. माझी पहिली चंची फार देखणी झाली होती. कात्री तेवढी तिच्यात मावत नव्हती.

चंची म्हणजे तीच, पानाची. कापडाची लांबट पट्टी, आत एकाखाली एक कप्पे, एकात पानं, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी, मग सगळ्याची घडी घालून वरून नाडीचे दोन वेढे. आजीच्या कंबरेला ती सदा खोचलेली असायची. बटव्यात हात घालून चाचपावं लागतं, चंची उलगडली की सगळं एकदम समोर येतं. डागडुजीच्या सामानाला हेच हवं. पान खाणारी माणसं गेली म्हणून हा घाट वाया का घालवायचा?

तर ढीग. त्यातून वर्षभरात खरोखर लागलेल्या वस्तू वेगळ्या काढा. आमच्याकडे लागतात त्या अशा: शर्टाची पांढरी बटणं पाच-सहा, पँटची दोन, ब्लाउजचे हूक, टिचबटणांच्या तीन जोड्या, सेफ्टी पिना (त्यातली एक मोठी, नाडी ओवायला), टाचण्या, बारीक सुया, एक जाड सुई, दोरे आणि दोरा कापायची छोटी कात्री. दाभण नको, गोणपाट शिवायचं काम चंचीतल्या सामानाने होत नाही आणि दाभण कापडाला भोक पाडून बाहेर येतं. आठ वर्षांपूर्वीच्या ड्रेसचं उरलेलं शोभेचं बटणही नको. ते डब्यात परत जाऊ दे, डबा कुठे पळून जात नाही.

दोऱ्याची अख्खी रिळं चंचीत घालू नका, ती फुगते. जुनी लग्नपत्रिका घ्या, तिचा जाड कागद या कामाला उत्तम. त्याचे ८ बाय ३ सेंटिमीटरचे तुकडे करा, दोन्ही टोकांना छोटी खाच पाडा आणि एकेका तुकड्यावर चार-पाच मीटर दोरा गुंडाळा. पांढरा, काळा, बिस्किटी, गडद निळा हे चार हवेतच. पाचवा मुलांच्या गणवेशाचा आणि सहावा तुमच्या नेहमीच्या कपड्यांकडे बघून.

आता कागदाची चंची. हसू नका, अर्ध्या तासाचं काम आहे आणि दोन दिवसांची उसवाउसवी वाचते. वर्तमानपत्राची १९.५ बाय ४९.५ सेंटिमीटरची पट्टी कापा. तिचे तीन भाग करा, पण सारखे नाही. खालचा १५.५, मधला १६.५, वरचा १७.५. घडी घालताना खालचा भाग आत जातो आणि वरचा त्याच्यावरून येतो. प्रत्येक घडीला जाडी आडवी येते, म्हणून बाहेरच्या भागाला थोडं जास्त कापड लागतं. सारखे भाग केले तर वरचं झाकण तोकडं पडतं आणि चंची जांभई दिल्यासारखी उघडी राहते. पट्टी उभी समोर ठेवून तिच्यावर खऱ्या वस्तू मांडा: वरच्या भागात सुया, मधल्यात दोरे आणि बटणं, खालच्यात कात्री.

कप्प्यांची तोंडं कुठल्या बाजूला हवीत ते इथेच ठरवून पेनने बाण काढा. मधल्या कप्प्यांची तोंडं वर. खालच्या भागातल्या कप्प्याचं तोंड मात्र पट्टीच्या खालच्या टोकाकडे, म्हणजे उघड्या चंचीत उलटं वाटेल असं. घडी पडली की हा भाग फिरतो आणि तोंड आपोआप वर येतं. पहिल्या चंचीत मी सगळी तोंडं एकाच दिशेला केली होती, दिसायला शिस्तीची. बसमध्ये ती पर्समधून काढली आणि सगळे हूक मांडीवरून सीटखाली. त्यातले चार सापडले.

कापडांकडे यायला हरकत नाही. बाहेरच्या तुकडेजोडीला नवं काही विकत आणू नका, ती या कामाची बेअदबी आहे. कपाटातला ओटीचा गठ्ठा काढा. हळदीकुंकवाला आलेले ब्लाउजपीस इकडून तिकडे फिरत राहतात, कुणाच्याच अंगाला लागत नाहीत. त्यातले सुती निवडा. पॉलिएस्टरचा ओळखायला सोपा: मुठीत घट्ट चुरगाळून सोडला की तो लगेच सरळ होतो, सुतीला सुरकुत्या राहतात. शिंप्याकडे ओळख असेल तर कातरणाची पिशवी मागा. खणाचे तुकडे दिसतात फार छान, पण कापल्याबरोबर त्यांच्या कडा सुटायला लागतात. खण वापरणार असाल तर तुकडा कापायच्या आधीच त्याच्यामागे पातळ मलमल कच्च्या टाक्यांनी लावून घ्या. हा खण येतो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून, आणि इरकल साडीचं इळकलही त्याच जिल्ह्यात. म्हणून दोन्ही एका तुकडेजोडीत शेजारी शेजारी बसले की मला उगाच बरं वाटतं.

जुन्या लुगड्याचा मोह सगळ्यांना होतो. तो तुकडा उजेडासमोर धरा. जाळी दिसली तर तो बाहेरच्या बाजूला टिकणार नाही. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघा, चर्र आवाज आला तर निरोप द्या. चांगला भाग बहुतेक काठाजवळ निघतो. बसायच्या जागेचं कापड आधीच विरलेलं असतं.

सगळी कापडं, नवी-जुनी, धुवून वाळवून घ्या. नवं सुती कापड आटतं, जुनं कधीच आटून गेलेलं असतं, आणि दोन्ही एका शिवणीत अडकली तर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. लाल, जांभळा आणि गडद हिरवा यांची वेगळी परीक्षा घ्या: ओला पांढरा रुमाल वर ठेवून इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड पुन्हा धुवा, तिसऱ्यांदाही उतरला तर बाजूला ठेवा. मग हलकी खळ देऊन इस्त्री करा. खळ दिलेला तुकडा कापताना आणि जोडताना हलत नाही, हा फरक एकदा करून बघितल्याशिवाय पटत नाही.

कापायचं माप असं. ७.५ सेंटिमीटरचे २४ चौकोन, चारही बाजूंनी पाऊण सेंटिमीटर शिलाईत जाईल असे. आडवे ३, उभे ८. जोडल्यावर बरोबर कागदाच्या पट्टीएवढं होतं. पुठ्ठ्याचा एक चौकोन कापून घ्या आणि त्याच्याभोवती खडूने आखा, प्रत्येक वेळी टेप लावत बसू नका. चौकोनाची कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर हवी. तिरका कापलेला चौकोन शिवताना ताणला जातो आणि रांग वाकडी होते. अस्तर १९.५ बाय ४९.५. कप्प्यांच्या पट्ट्या दोन, दोन्ही दुहेरी घडीच्या म्हणजे वरच्या कडेला दुमडायची गरज पडत नाही: मधली २३.५ रुंद आणि २१.५ उंच (जास्तीचे ४ सेंटिमीटर मधल्या कप्प्याच्या चुणीसाठी), खालची १९.५ रुंद आणि २५.५ उंच. गोटासाठी ३.५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी, जोड धरून १५५ सेंटिमीटर लांब. कोपरे चौकोनीच ठेवणार असाल तर ती सरळ कापली तरी चालते, गोल कोपरे हवे असतील तर तिरकी कापावी लागेल.

मधल्या थराला जुना पंचा किंवा धोतराची दुहेरी घडी. फोम नको, बकरम तर मुळीच नको, त्याला घडीवर कायमची मोड पडते.

मोजमापाचा कंटाळा असेल आणि मशीनही नसेल, तर एक दुसरी वाट आहे, आणि खरं सांगायचं तर मला ती जास्त आवडते. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तशी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले, पोर्तुगीजांनी अनेकांना गुलाम म्हणून गोव्यात आणलेलं. कवंदीत तुकडे आधी एकमेकांना जोडत नाहीत. खालचं कापड पसरायचं, तुकड्याच्या कडा बोटाने दुमडायच्या, तो थेट त्यावर ठेवायचा आणि धावदोरा घालत जायचं. सुरुवात कडेपासून, फेर धरत मध्याकडे. तुकडे कुठल्याही आकाराचे चालतात. गोटही लागत नाही, कड आधीच दुमडलेली असते. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुलं बसवतात, त्यांच्याशिवाय कवंदी उघडी वाटते. आपली गोधडी किंवा वाकळ जवळची आहे, पण तिच्यात आधी थर अंथरून मग सगळीकडून टाके घालतात. चंचीएवढ्या तुकड्यावर कवंदीची रीत सहज जमते. फक्त खालचं कापड चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर मोठं घ्या, नाहीतर कड दुमडायला काही उरत नाही. आणि अस्तर मागून वेगळं लावा, कारण कप्पे त्या अस्तरावर आधी शिवलेले असायला हवेत.

हा क्रम दोन्ही रीतींत सांभाळा. कप्पे आणि सुयांची पानं अगोदर नुसत्या अस्तरावर बसवा, तिन्ही थर नंतर एकत्र करा. उलटं केलंत तर कप्प्यांची टीप बाहेरच्या तुकड्यांवरून धावताना दिसते. कप्प्याची कड घडीच्या रेषेपासून किमान एक सेंटिमीटर लांब असू द्या.

सुयांच्या पानांसाठी लोकर किंवा फ्लॅनेल, १४ बाय ११ सेंटिमीटरचे दोन तुकडे. बाळाची जुनी झबली फ्लॅनेलची असतात, ती यासाठी राखून ठेवा. घोंगडीचा तुकडा वापरायचा विचार माझ्याही मनात आला होता. पण घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे नवी घोंगडी चांगलीच कडक लागते. जुनी, धुवून मऊ झालेली असेल तर जमेल. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याची सोय बघून ठेवा: सुया हातोहात गंजतात आणि गंजलेली सुई कापडावर तपकिरी ठिपका सोडते. औषधाच्या बाटलीत किंवा बुटांच्या खोक्यात जी ओल शोषणारी पुडी येते, ती सुयांच्या पानामागे सरकवा. त्यासाठी पानाची एक बाजू मोकळी ठेवा.

हत्यारं थोडीच लागतात. हाताने शिवायच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, मशीनच्या सुईचं नेमकं उलटं. दुकानात हे डोक्यात ठेवा. तुकडे जोडायला मशीनला १४ नंबरची सुई पुरते, गोटाच्या जाडीला १६ नंबरची काढून ठेवा. कापड सुती तर दोराही सुतीच. चिवट पॉलिएस्टरचा दोरा विरलेल्या कापडाला कालांतराने कापत जातो. मधमाशीच्या मेणाचा तुकडा मिळाला तर दोरा त्यावरून ओढून घ्या, गुंता कमी होतो. एका वेळी हातभरच दोरा घ्यायचा. अंगुस्तान ज्यांना सवय नाही त्यांना पहिल्या दिवशी बोटात खडा आल्यासारखं वाटेल, पण चार थरांतून सुई ढकलायची आहे, तेव्हा तो घालाच. कात्री दोन: कापडाची वेगळी, कागदाची वेगळी. कापडाच्या कात्रीने घरातल्या कुणी दुधाची पिशवी कापू नये म्हणून ती लपवून ठेवावी लागते, हेही तयारीतच धरा. चंचीत जाणाऱ्या छोट्या कात्रीच्या टोकाला जुन्या पेनचं टोपण बसतंय का तेही बघून घ्या.

टिचबटण बटणांच्या कप्प्याला हवं, बाकी कप्पे उघडे चालतात. नाडीची लांबी मात्र आत्ता कापू नका. चंची पूर्ण झाली, सामान भरलं, घडी घातली की मगच नाडी तिच्याभोवती दोनदा फिरवून वर सुरगाठीपुरती एक वीत धरा. लुगड्याचा अरुंद काठ दुमडून शिवला तर नाडी मजबूत होते.

आणि आदल्या संध्याकाळी, उजेड आहे तोवर, सात-आठ सुया ओवून फ्लॅनेलवर टोचून ठेवा. आजी हे काम शाळेतून आल्याआल्या माझ्याकडून करून घ्यायची, बदल्यात चंचीतली बडीशेप मिळायची. घरात नातवंड नसेल तर दोरा ओवायची पत्र्याची चपटी मिळते, तिची बारीक तार नेढ्यातून पार जाते. ती मात्र दोन आणा, एक हरवतेच.