भ्रंश बरा होताना बघायचा असेल तर आधी घड्याळ तपासा

भूकंपशास्त्र शिकायला आलो तेव्हा भ्रंश, म्हणजे खडक जिथे तुटून एकमेकांवरून सरकतात ती जागा, ही नकाशावरची एक रेघ, एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात मोठा भूकंप झाला की रेघेच्या आजूबाजूचा रुंद पट्टाच भेगाळतो. भेगांमुळे भूकंपलहरी तिथून सावकाश जातात आणि पाण्याला वाट मोकळी होते. मग दाबाने भेगा मिटत जातात, पाण्यातली खनिजं त्यात साचतात आणि भ्रंश पुन्हा पकड घेतो.

नवख्याने पहिल्यांदा मनात ठसवायचं ते या भरून येण्याचं गणित. ते लॉगच्या (लॉगॅरिदमच्या) चालीने चालतं. पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत जेवढं भरतं, तेवढंच पुढे भरायला शंभरावा दिवस उजाडतो. म्हणून सुरुवातीची नोंद हुकली की हुकलीच. चीनमधल्या वेंचुआनच्या २००८ च्या भूकंपानंतर त्याच वर्षी भ्रंशात विहीर खोदायला घेतली, ती याच घाईने. चंद्र-सूर्याच्या ओढीने जमिनीलाही भरती-ओहोटी येते आणि विहिरीतलं पाणी तिच्यामागून हलतं. ते किती मागे पडतं यावरून खडकाची पारगम्यता, म्हणजे त्यातून पाणी किती सहज वाहतं ते, काढली. मला ही युक्ती अजूनही भारी वाटते! दीडेक वर्षात पारगम्यता घटत गेली, पण दूरच्या भूकंपांनी मध्येच खपली निघावी तशी ती पुन्हा वाढायची. कॅलिफोर्नियात लँडर्सचा भ्रंश १९९२ च्या भूकंपानंतर सावरत होता. १९९९ मध्ये शेजारी हेक्टर माइनचा भूकंप झाला आणि त्याची जखम पुन्हा उघडली.

आता माझी फजिती. जमिनीची अखंड कुजबुज, म्हणजे सततची बारीक कंपनं, दोन भूकंपमापन केंद्रांवर नोंदवून, त्या नोंदींची एकमेकींशी सांगड घालून मी लहरींचा वेग काढत होतो. भूकंपानंतर वेग वाढताना दिसला. भ्रंश बरा होतोय! मी खुशीत आलेख दाखवला. मार्गदर्शकांनी विचारलं, "हा साध्या अक्षावर सरळ कसा?" खरंच, लॉगच्या अक्षावर सरळ दिसायला हवा होता. झालं होतं असं, की एका केंद्राचा, घड्याळ जुळवून देणाऱ्या जीपीएसशी संपर्क तुटला होता आणि त्याचं घड्याळ रोज थोडं सरकत होतं. सांगडीला दोन बाजू असतात: एक पहिल्या केंद्राकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या लहरींची, दुसरी उलट येणाऱ्या लहरींची. वेग खरोखर बदलला तर दोन्ही बाजू सारख्याच ताणल्या किंवा आक्रसल्या जातात. घड्याळ चुकलं तर सगळी नोंद एकाच दिशेला सरकते. मी एकच बाजू बघितली होती.

पावसाचंही तसंच. भूजल वर-खाली झालं की वेग बदलतो, आणि आपण शोधतो तो बदल फार बारीक असतो. कॅलिफोर्नियातल्याच पार्कफील्डच्या २००४ च्या भूकंपात तो एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी होता. म्हणून भूकंपाआधीच्या निदान एक-दोन वर्षांच्या नोंदी मिळतील असंच ठिकाण प्रबंधासाठी निवडा. निवडण्याआधी केंद्रांची देखभालवही मागून घ्या. ती कंटाळवाणी असते, पण मी ती दोन महिने उशिरा उघडली.