पहिली व्हाइटवॉटर कयाक: कॅटलॉग मिटा, एडीत उतरा

व्हाइटवॉटर कयाक, म्हणजे खळाळत्या नदीत वल्हवायची छोटी बोट, घ्यायची म्हटलं की नवीन लोक मला सगळ्यात आधी मॉडेलचं नाव विचारतात. नावापेक्षा बोटीचा तळ बघा. बोट उलटी करा आणि हात फिरवा. तळ सपाट आणि कडा धारदार असतील, तर ती लाटेवर छान सर्फ करते आणि चटकन वळते. पण कड चुकीच्या बाजूला झुकली की प्रवाह तीच कड पकडतो आणि तुम्ही पाण्याखाली. गोल तळाची बोट डुगडुगते, मात्र उलटसुलट पाण्यात चूक पोटात घालते.

वेगवेगळ्या बोटींची तुलना करायला कोलाडची कुंडलिका नदी झकास. सकाळी भिरा वीजगृहातून पाणी सुटलं की नदी जागी होते. पाणी ठरावीक वेळच असतं, त्यामुळे रेंगाळू नका. खडकामागे जिथे पाणी उलटं फिरतं, ती एडी गाठा. तिथून प्रवाहात शिरायचं, वळायचं, परत एडीत यायचं. सायकल वळवताना झुकतो तसं वळणाच्या आत झुकायचं. प्रत्येक बोटीत हेच करा. दुपारपर्यंत कॅटलॉगची गरज उरत नाही.

जॅक्सन रॉकस्टारसारखी प्लेबोट, म्हणजे लाटांवर कसरती करायची बोट, जेमतेम सहा फुटी. गरगर फिरते, पण प्रवाह ओलांडताना वेग धरत नाही. पहिली बोट म्हणून मी ती सुचवणार नाही. क्रीक बोट साधारण साडेआठ-नऊ फुटी, फुगीर आणि टोकं वर उचललेली. केरळात कोडंचेरीकडच्या अरुंद, खडकाळ नद्यांना हीच हवी. पण सोप्या पाण्यात ती इतकं सांभाळून घेते, की कड वापरायची सवयच लागत नाही. पिरान्हा रिपरसारख्या हाफ-स्लाइस बोटींची सध्या चलती आहे. त्यांची मागची बाजू इतकी चपटी असते, की निष्काळजीपणे एडी ओलांडली तर ती बुडते आणि नाक आभाळाकडे जातं. मजा येते, अर्थात रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं, पक्का असेल तरच. सुरुवातीला डॅगर माम्बासारखी रिव्हर रनर, म्हणजे नदीतून खाली जायची सर्वसाधारण बोट, बरी. कोलाडला चालते, ऋषिकेशच्या गंगेतल्या मोठ्या लाटांतही चालते.

मापाबाबत मात्र हयगय नको. मी वजनाने हलकी. मोठ्या मापाच्या बोटीत मी पाण्यावर तरंगत राहते. कड पाण्यात उतरतच नाही, आणि बोट प्रवाह नेईल तिकडे जाते. प्रत्येक बोटीसाठी कंपनी ती वल्हवणाऱ्याच्या वजनाची किमान-कमाल मर्यादा देते. तुमचं वजन, अधिक हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि सामान धरून त्या मर्यादेच्या मधोमध असावं.

मग कमरेचे पॅड, म्हणजे बसल्यावर कमरेच्या दोन्ही बाजूंना येणारे फोमचे तुकडे. कंबर हलवली की बोट लगेच हलली पाहिजे, पण उलटल्यावर बाहेरही सहज पडता आलं पाहिजे. जादा फोम ब्रेडच्या दातेरी सुरीने छान कापता येतो. चिकटवण्याआधी मात्र अर्धा तास जमिनीवरच बोटीत बसा आणि पायाला मुंग्या येतात का ते पाहा.