आवाज ऐकू नका, मोजा

कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसिंग कारच्या स्पर्धेची टीम) नव्याने आलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. आमची टीम रत्नागिरीची. मोटरसायकलचं 373 सीसीचं इंजिन आणि मागच्या ॲक्सलला चेन. पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली गाडी ऑक्टोबरात सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, काढली, आणि पहिल्याच फेरीत मागून 'कट्... कट्' असा आवाज यायला लागला.

कोणी म्हणालं टॅपेट (इंजिनातला वॉल्व्ह ढकलणारा भाग), कोणी म्हणालं बेअरिंग. आम्ही दोन रात्री जागून वॉल्व्हचं कव्हर उघडलं, गॅप तपासला, सगळं परत बांधलं. आवाज जागच्या जागी. स्पर्धेला मोजके आठवडे उरले होते, त्यातल्या त्या दोन रात्री मला अजून टोचतात.

माझे मामा मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून ते ऐकतात. त्यांना फोन केला, तर म्हणाले, "कसा वाजतो ते नको सांगू रे. किती वेळा वाजतो ते सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोजायला बसलो. आधी गाडी उभी ठेवून इंजिन रेस केलं. आवाज नाही. मग चालत्या गाडीत न्यूट्रल टाकून इंजिन आयडलवर सोडलं. आवाज आहेच, आणि वेग कमी होईल तसा तोही मंदावतो. म्हणजे तो इंजिनच्या फेऱ्यांशी नाही, चाकांशी बांधलेला. डावी-उजवी वळणं घेतली, फरक नाही. व्हील बेअरिंग खराब असतं तर वळणावर ज्या बाजूला वजन येतं तिकडचा आवाज बहुतेक वाढला असता.

मग गाडी स्टँडवर चढवली, इग्निशन बंद केलं, न्यूट्रल टाकलं. टायरवर खडूने रेघ ओढली आणि मागची चाकं हाताने सावकाश फिरवली. चालू इंजिनवर चेनजवळ हात नेऊ नका, बोट जातं. चाकाच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच 'कट्'. चाकात, ब्रेक डिस्कवर किंवा मागच्या स्प्रॉकेटवर (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) काही असतं तर ते प्रत्येक फेरीला वाजलं असतं. पुढच्या स्प्रॉकेटला 13 दात, मागच्याला 39, म्हणजे पुढचा दात दुखावला असता तर चाकाच्या एका फेरीत तीनदा ऐकू आलं असतं. आमच्या चेनला कड्या 78. 78 भागिले 39, उत्तर दोन. दोन फेऱ्यांत एकदाच पुन्हा त्याच जागी येणारी वस्तू फक्त चेन होती.

चेनवर खडूची खूण करून कडी न् कडी वाकवून पाहिली. एक कडी गंजून ताठ झाली होती. लहान स्प्रॉकेटवर चेनला जास्त वाकावं लागतं, तिथे ती अडून सुटायची, तेव्हा 'कट्'. खाऱ्या हवेने बाहेरून जेमतेम तांबूस दिसणारी चेन आतून पार खाल्ली होती. सीलबंद चेनमध्ये गंज आत शिरला की वरून तेल घालून भागत नाही. आम्ही नवी टाकली.

इंजिनचा आवाज असला तरी हिशोब हाच. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेऱ्या) क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, सेकंदाला 50 फेऱ्या घेतो; वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या, 25. एका वॉल्व्हची टिकटिक सेकंदाला 25 वेळा, क्रँकवरच्या गिअरचा तुटका दात 50 वेळा. कानाला हे मोजता येत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपमध्ये वारंवारता बघा. त्या क्षणाचा आरपीएम मात्र लिहून ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंग कामाचं नाही.

आणि किनाऱ्याजवळ शेड असेल तर मे संपायच्या आत चेन उतरवा, पुसून तेल लावा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आमचा डबा आता शेडमधल्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो.