आगाऊ पैसे देण्याआधी: कॉम्प्युटर बुकिंगची तयारी

कॉलेज सुरू व्हायच्या आत मुलांना कॉम्प्युटर हवा असतो, म्हणून कोटेशनचे कागद घेऊन पुण्याच्या टिळक रोडवर फिरणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. भाव वाढलेत ते दुकानदाराच्या मर्जीने नाही. जगातली बहुतेक रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची काम चालू असतानाची मेमरी, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात आणि त्यांचा ओढा आता एआय डेटा सेंटरच्या मेमरीकडे आहे. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने रॅम आणि एसएसडीचा ग्राहकांसाठीचा क्रूशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात डॉलर नव्वदीपार गेला. तेव्हा सकाळचं कोटेशन संध्याकाळी बदललं तर समजून घ्या, पण पैसे दिल्यावर भाव बदलला तर अजिबात ऐकून घेऊ नका.

त्यासाठी कागद पक्का हवा. भाचीच्या मशीनसाठी मी पाच हजार आगाऊ दिले होते. पावतीवर लिहिलं होतं फक्त ‘ॲडव्हान्स जमा’. बारा दिवसांनी फोन आला, “काका, रॅम वाढली, वरचे चार हजार द्यावे लागतील.” पावतीवर ना मॉडेल, ना भाव, ना तारीख. भांडणार कशाच्या जोरावर? भरले. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: पावतीवर प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या. ‘16 जीबी रॅम’ एवढ्याने भागत नाही. डीडीआर4 की डीडीआर5 (रॅमच्या जुन्या-नव्या पिढ्या), स्पीड किती, एक स्टिक (रॅमची पट्टी) की दोन, हे हवं. डीडीआर4 आणि डीडीआर5 स्टिकची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. शिवाय जीएसटी धरून किंमत, माल द्यायची शेवटची तारीख, आणि ती चुकली किंवा भाव वाढवला तर पूर्ण आगाऊ रक्कम परत, असं स्पष्ट लिहून घ्या. दुकानदार सहीला कां-कू करत असेल तर हेच सगळं व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याचं ‘हो’ आल्याशिवाय पैसे सोडू नका. पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्या, रोख नको.

सगळंच बुक करायची घाई नको. रॅम आणि एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क), दोन्ही मेमरी चिपवर चालतात, म्हणून भाव आधी बांधायचा तो त्यांचा. कॅबिनेट, कीबोर्ड, माउस नंतर घेता येतात. बजेट ताणलं जात असेल तर आता 16 जीबीची एकच स्टिक घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. वेग थोडा कमी मिळेल, पण काम अडणार नाही. लॅपटॉप घेत असाल तर रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे का ते आधी विचारा. असेल तर पुढे वाढवता येणार नाही.

पार्ट सुटे सुटे ऑनलाइन मागवणाऱ्यांची एक अडचण कुणी सांगत नाही. मदरबोर्ड आज येतो, प्रोसेसर तीन आठवड्यांनी, आणि तोवर बोर्ड परत करायची मुदत संपलेली असते. म्हणून शेवटचा पार्ट कधी येणार ते बघूनच पहिला मागवा. बोर्ड आला की प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण उचलून पिनांचा जवळून, उजेडात फोटो काढा. एक पिन वाकलेली निघाली आणि फोटो नसला तर ती तुम्हीच वाकवली असं म्हणतात. बॉक्स फोडतानाचा व्हिडिओही असू द्या.

ऑनलाइन ऑर्डर रद्द करायची वेळ आली तर 2020 चे ई-कॉमर्स नियम लक्षात ठेवा: विक्रेता स्वतः ऑर्डर रद्द करताना तेवढाच भार सोसत नसेल, तर तुमच्याकडून कॅन्सलेशन चार्ज घेता येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे काम झालं नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. विक्रेता बंगळुरूचा असला तरी पुण्यातच.

आणि अंतिम बिल माल हातात आल्याच्या तारखेचं घ्या, आगाऊ रकमेच्या नाही. वॉरंटी सहसा बिलाच्या तारखेपासून मोजतात. काउंटरवरच बॉक्सवरचा सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहा. मागे गर्दी असली तरी हलू नका.